उधळ्या फेराइटची बाजू

माझ्या टेबलावर दोन काळ्या वस्तू कायम शेजारी शेजारी असतात. एक आहे करंगळीएवढी जाड, वीतभर लांब कांडी, वडिलांच्या ट्रान्झिस्टरमधून काढलेली. बारीक तारेचे वेढे तिच्यावर अजून शाबूत आहेत. दुसरी आहे कडी. बाहेरचा व्यास ६१ मिलिमीटर, मधलं भोक साडेपस्तीस मिलिमीटरचं, जाडी अर्धा इंच. दोन्ही फेराइटच्या. दोन्हींचा स्पर्श चिनी मातीच्या भांड्यासारखा गार, आणि फरशीवर पडल्या तर दोन्ही कपबशीसारख्याच फुटतील. कांडीनं आमच्या घराला वर्षानुवर्षं ७९२ किलोहर्ट्झवरचं पुणे केंद्र ऐकवलं. कडी गच्चीवरच्या अँटेनाच्या केबलसाठी आणलेल्यांपैकी उरलेली.

एकाच घराण्यातल्या या दोघींची पारख मात्र उलट्या मापांनी करायची असते. कांडीनं हाती आलेली ऊर्जा जपायची असते आणि कडीनं ती उधळायची असते. काटकसरी कडी घेतली तर काम बिघडतं. हे इतकं सोपं वाक्य समजायला मला दोन वर्षं लागली आणि बऱ्यापैकी पैसे खर्ची पडले. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या गप्पांत अजूनही ते सहज पटवून घेतलं जात नाही. ‘लॉस’ हा शब्द आमच्यात शिवीसारखा वापरतात.

सुरुवात सोसायटीच्या इंटरकॉमपासून झाली. गच्चीवर मी ७ मेगाहर्ट्झसाठी डायपोल, म्हणजे तारेच्या दोन हातांचा अँटेना, बांधला होता, मध्यभागी उंच, दोन्ही हात उतरते. एसडब्ल्यूआर १.२. हा आकडा आला की हॅम माणूस हात झटकून चहाला जातो. मीही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गप्पांच्या वेळी मी बोलू लागलो, की गेटवरच्या वॉचमनच्या इंटरकॉममधून माझाच आवाज यायचा, पाण्याखालून बोलल्यासारखा. आम्ही बोलायला वापरतो त्या एसएसबी पद्धतीचं बोलणं नको त्या यंत्रात शिरलं की असंच ऐकू येतं. वॉचमनकाकांना आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कुणाला तरी झटका आला आहे.

एसडब्ल्यूआर उत्तम असताना हे का व्हावं? कारण एसडब्ल्यूआर त्या गोष्टीबद्दल काहीच सांगत नाही. केबलच्या तोंडाशी किती ऊर्जा परत आली एवढंच तो मीटर मोजतो. गेलेली ऊर्जा कुठून कुठे गेली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘एसडब्ल्यूआर चांगला आहे, मग चोक, म्हणजे केबलवरचा अडसर, कशाला?’ हा प्रश्न ‘ताप नाही, मग दाताच्या डॉक्टरकडे कशाला?’ या जातीचा आहे.

कोॲक्सिअल केबलमध्ये मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी असे दोन वाहक दिसतात. रेडिओच्या कंपनसंख्येला प्रत्यक्षात तीन असतात. उच्च कंपनसंख्येचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालाच चिकटून वाहतो. ७ मेगाहर्ट्झला तांब्यात तो जेमतेम २५ मायक्रॉन खोल शिरतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. त्यामुळे जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींना ओळखतही नाहीत. वाड्यातल्या एकाच भिंतीच्या दोन अंगांना दोन बिऱ्हाडं असावीत तसं हे असतं. आतल्या बिऱ्हाडात आपला सिग्नल राहतो: मधल्या तारेवर जेवढा प्रवाह जातो, तेवढाच जाळीच्या आतल्या अंगानं उलटा येतो. पण केबल जिथे अँटेनाला भेटते तिथे भिंत संपते. तिथे प्रवाहाचा एक वाटा बाहेरच्या अंगावर उतरतो आणि केबल धरून खाली घरात येतो. इंटरकॉमपर्यंत पोचलेला मी तो हाच.

शहरात याहून मोठा त्रास उलट दिशेचा आहे. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, राउटर हे सगळे जो रेडिओ कचरा निर्माण करतात, तो याच बाहेरच्या अंगावरून चढून अँटेनापर्यंत जातो आणि तिथून आत शिरून सिग्नल असल्यासारखा आपल्या रिसीव्हरमध्ये येतो. अनेकांना वाटतं, शहरातला गोंगाट हवेतून येतो, त्याला इलाज नाही. त्यातला बराचसा आपल्याच घरचा असतो आणि आपणच घातलेल्या केबलच्या जिन्यानं वर गेलेला असतो.

इलाज म्हणजे चोक. केबल कडीतून आतबाहेर गुंडाळायची. आतल्या बिऱ्हाडातले दोन प्रवाह समान आणि उलट असल्यानं त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. त्यांना कडी आहे हेसुद्धा कळत नाही. बाहेरच्या अंगावरच्या एकट्या प्रवाहाला मात्र कडीचा पुरेपूर अडथळा होतो. तत्त्व इतकं सुबक आहे, की कडी कसली घ्यायची हा प्रश्न किरकोळ वाटतो. माझी फसगत नेमकी तिथे झाली.

मी लाल कडी आणली. लाल रंगाच्या कड्या लोखंडाच्या भुकटीच्या असतात, ‘मिक्स २’च्या. हॅम मंडळींत त्यांना मोठा मान, कारण त्यांच्यात ऊर्जा जवळजवळ वाया जात नाही. ट्यून्ड सर्किट करायचं तर त्यांच्यासारख्या त्याच. दुकानदारानंही ‘एचएफसाठी (म्हणजे लघुलहरींसाठी) यापेक्षा चांगली मिळणार नाही’ असं सांगितलं, आणि त्याच्या परीनं ते खरंच होतं. पण या पदार्थाची पार्यता, म्हणजे चुंबकीय रेषांना वाट करून देण्याची क्षमता, हवेच्या फक्त दहापट. दोन इंची लाल कडीवर बारा वेढे घातले तर इंडक्टन्स सुमारे १.७ मायक्रोहेन्री येतो. ७ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा पाऊणशे ओहम. इंटरकॉमला काडीचाही फरक पडला नाही. मी वेढे वाढवले, मग दुसरी लाल कडी आणायला निघालो. अडथळा कमी पडतो आहे हे मला दिसत होतं. तो चुकीच्या जातीचा आहे, हे दिसत नव्हतं.

अडथळ्याच्या दोन जाती असतात. एक रोध: तो ऊर्जा खाऊन तिची उष्णता करतो. दुसरी रिॲक्टन्स: ती ऊर्जा क्षणभर उसनी घेऊन परत करते, पै न पै. रिॲक्टन्सला चिन्ह असतं. कॉइलची अधिक, कपॅसिटरची उणे. आणि केबलच्या बाहेरच्या अंगालाही स्वतःची रिॲक्टन्स असते. केबलची लांबी किती, ती जमिनीजवळ कशी जाते, रिगला, म्हणजे रेडिओ यंत्राला, अर्थ कुठे दिला आहे, यावर ती कधी अधिक निघते, कधी उणे.

आता हिशेब करा. समजा एखाद्या केबलच्या बाहेरच्या वाटेचा रोध ५० ओहम आहे आणि रिॲक्टन्स उणे ९००. एकूण अडथळा सुमारे ९०० ओहम. तिथे आपण काटकसरी, निव्वळ रिॲक्टन्सचा, अधिक १००० ओहमचा चोक बसवला. उणे ९०० आणि अधिक १००० मिळून उरले १००. रोधाचे ५० धरून एकूण अडथळा ११२ ओहमच्या आसपास. चोक बसवल्यावर नको असलेला प्रवाह आठपट झाला! त्याऐवजी १००० ओहम रोधाचा चोक असता तर एकूण अडथळा १३८० ओहमच्या वर गेला असता. केबलची लांबी बदला, बँड बदला, काहीही करा. रोध मिळवल्यानं एकूण अडथळा कधीच घटत नाही. रिॲक्टन्सचं काही सांगता येत नाही. ‘मला या चोकनं फायदा झाला, त्याला तोटा झाला’ अशा ज्या परस्परविरोधी कहाण्या ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच या वजाबाकीच्या असाव्यात असं माझं मत आहे. कोॲक्सचं नुसतं भेंडोळं करून प्लास्टिकच्या पाइपवर बांधण्याची जुनी युक्तीही याच गटातली. एका कंपनसंख्येला ती फार छान चालते, जरा बाजूला सरकलात की नशिबाचा खेळ.

मग रोध द्यायचा कुणी? इथे फेराइट येतं. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची, दुसऱ्या धातूंचे ऑक्साइड मिसळून भट्टीत भाजलेली भांडीच म्हणायची. निसर्गातला चुंबकदगड, मॅग्नेटाइट, हेही फेराइटच. कोकणच्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातही त्या कुळातली खनिजं असतात. टोकिओत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३०मध्ये कृत्रिम फेराइटचा शोध लावला. ते विकण्यासाठी १९३५मध्ये जी कंपनी निघाली तिला आज जग टीडीके म्हणून ओळखतं. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी मँगनीज-झिंक आणि निकेल-झिंक ही दोन मोठी कुळं वाढवली. या पदार्थांचं चुंबकत्व नेमकं कसं चालतं याचं कोडं लुई नील यांनी १९४८मध्ये उलगडलं, आणि १९७०च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता.

स्नूक यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, आणि कडी निवडणाऱ्यानं ती भिंतीवर लिहून ठेवावी इतकी ती कामाची आहे. फेराइटची पार्यता जितकी जास्त, तितक्या खालच्या कंपनसंख्येला ते दमतं. पार्यता आणि ही दमण्याची कंपनसंख्या यांच्या गुणाकाराला निसर्गानंच लगाम घातला आहे. भरपूर पार्यता आणि भरपूर वरपर्यंत पोच हे दोन्ही एका कडीत मागणं म्हणजे एकाच खिशातून दोनदा पैसे काढणं. दमतं म्हणजे काय होतं? पदार्थातली चुंबकीय हालचाल बदलत्या क्षेत्राच्या मागे पडू लागते. जेवढी ती बरोबर राहते तेवढी ऊर्जा साठते आणि परत मिळते. जेवढी मागे पडते तेवढी उष्णता होते. म्हणून पार्यतेचे दोन आकडे असतात, एक साठवणीचा आणि एक खर्चाचा. खालच्या कंपनसंख्येला साठवणीचा आकडा मोठा. वर जाऊ लागलं की तो उतरतो आणि खर्चाचा चढतो. ट्रान्झिस्टरच्या कांडीला पहिल्या प्रदेशात ठेवायचं असतं. चोकच्या कडीला मुद्दाम दुसऱ्या प्रदेशात ढकलायचं असतं, जिथे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ती ‘वाईट’ होते.

हे एकदा लक्षात आलं की न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल इथल्या फेअर-राइट कंपनीचे ते सुप्रसिद्ध आकडे, ३१, ४३, ६१, इयत्तांसारखे वाटत नाहीत. ते निव्वळ पाककृतींचे क्रमांक आहेत. ६१ हे निकेल-झिंक, पार्यता १२५. आपल्या एचएफ बँडांच्या बऱ्याच भागात ते काटकसरीच राहतं, म्हणून कांड्यांना आणि ट्रान्सफॉर्मरला चांगलं. ते उधळू लागतं त्याहून वरच्या व्हीएचएफच्या दिशेनं गेल्यावर. ४३ हेही निकेल-झिंक, पार्यता ८००. ३१ हे मँगनीज-झिंक, पार्यता १५००, आणि ३.५ किंवा ७ मेगाहर्ट्झला ते चांगलंच उधळं असतं. ७३, ७५, ७७ यांची पार्यता आणखी मोठी, म्हणून त्यांचं क्षेत्र आणखी खाली. आमच्यात ‘पार्यता जास्त म्हणजे भारी’ असं मानणारे आहेत आणि ‘६१ महाग आणि कमी लॉसचं म्हणून भारी’ असं मानणारेही आहेत. दोघंही कडीला तिचं काम न विचारता पगार ठरवतात.

यात कंपनीचा तक्ताही जरा चकवतो. ४३च्या नावापुढे २५ ते ३०० मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं, आणि लोक म्हणतात, मग ७ला ते चालणारच नाही. पण तो तक्ता कारखान्यातल्या अभियंत्यासाठी आहे, जो वायरवर मणी ओवतो आणि पुढे जातो. केबल कडीतून एकदाच जाते. आपण बारा-चौदा वेढे घालतो. अडथळा वेढ्यांच्या वर्गानं वाढतो: सहाचे बारा केले तर दुप्पट नाही, चौपट. (केबल भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे, बाहेरून मोजले तर एकाची चूक हमखास होते.) म्हणून त्याच ४३चा बारा वेढ्यांचा चोक ७पासून वर उत्तम काम देतो. आणि याच कारणानं बाजारात मिळणारा, केबलवर चिमटा लावावा तसा बसणारा फेराइटचा तुकडा एचएफला जवळजवळ शोभेचा असतो. एका वेढ्यात ७ मेगाहर्ट्झला काही दशक ओहम मिळतात. तसले पाच लावले तर पाचपट. त्याऐवजी एकाच मोठ्या कडीत पाच वेढे घातले तर पंचवीसपट.

अर्थात वर्गाचा हा फायदा फुकट नाही. वेढ्यांमध्ये एकमेकांशी कपॅसिटन्स तयार होते आणि वेढे वाढले की तीही वाढते. इंडक्टन्स आणि ती मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला चोकचा अडथळा शिखरावर नेतात. त्याच्या वर चोक कॉइल राहत नाही, कपॅसिटर होतो. वेढे वाढवले की शिखर खाली सरकतं. हवेच्या भेंडोळ्याचं शिखर सुळक्यासारखं अरुंद असतं, उधळ्या फेराइटचं पठारासारखं रुंद. ३१ इथे आणखी एक गंमत करतं. मँगनीज-झिंक पदार्थात विद्युत-चुंबकीय लहर इतकी आखूड होते, की कडीची जाडीच तिच्या तरंगलांबीच्या मापात येते आणि तिथे आणखी एक अनुनाद उठतो. ट्रान्सफॉर्मर करणाऱ्याला ही डोकेदुखी असते. चोक करणाऱ्याचं पठार त्यानं आणखी रुंदावतं.

आता सगळ्यात नेहमीचा आक्षेप. ‘उधळ्या कडीत माझे वॅट जळतील, कडी तापेल, फुटेल.’ भीती खोटी नाही, दिशा उलटी आहे. कडीत जळणारी शक्ती रोधावर अवलंबून असते, पण प्रवाहाच्या वर्गावरही असते, आणि रोध वाढला की प्रवाह पडतो. उदाहरणापुरतं धरा की केबलच्या बाहेरच्या अंगावर चोकच्या दोन टोकांत १०० व्होल्ट पडतात. चोक ५०० ओहमचा असेल तर त्यात २० वॅट जळतील. ५००० ओहमचा असेल तर दोन. सर्वांत जास्त उष्णता होते ती रोध त्या वाटेच्या उरलेल्या अडथळ्याइतका असतो तेव्हा, म्हणजे अडवणं धड होत नाही आणि सोडणंही धड होत नाही तेव्हा. जळालेला चोक पाहून लोक ‘फेराइट लॉसी होतं’ असा निष्कर्ष काढतात. बहुतेक वेळा ते पुरेसं लॉसी नसतं.

तापणं धोक्याचं खरंच आहे. ३१ आणि ४३ यांचं क्यूरी तापमान १३० अंशांच्या जरा वर हमी दिलेलं असतं. त्यापलीकडे चुंबकत्व विरघळतं, अडथळा कोसळतो. मे महिन्यात पुण्याच्या गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या बंद डब्यात कडी ठेवली तर अर्धी चढण उन्हानंच चढून झालेली असते. बोलण्यात शक्ती चढउतार करते, मध्ये श्वास असतो. पण एफटी८सारख्या डिजिटल पद्धतीत पंधरा सेकंदांपैकी जवळजवळ तेरा सेकंद अखंड पूर्ण शक्ती जाते. वर्षभर गप्पांना पुरलेला चोक त्यात एका संध्याकाळी मान टाकू शकतो. पांढरा डबा, सावली, आणि एकाऐवजी दोन कड्या एकमेकींवर ठेवणं हे यावरचे इलाज. काटकसरी कडी हा इलाज नव्हे.

जुन्या पुस्तकांत चोकसाठी दहापटीचा नियम असे: ५० ओहमची केबल, तर ५०० ओहमचा अडथळा पुरे. कॅलिफोर्नियातले हॅम जिम ब्राउन (कॉलसाइन के९वायसी) यांनी ढिगानं चोक मोजले आणि ५००० ओहम रोधाचा आग्रह धरला. त्यावर ‘मी दहा वॅटवाला, मला कशाला एवढं?’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. प्रक्षेपणापुरतं त्यांचं बरोबरही असेल. पण शेजारच्या एलईडी दिव्याला तुमची शक्ती ठाऊक नसते. तो गोंगाट करतो तो दहा वॅटवाल्याला जेवढा, तेवढाच चारशेवाल्याला. उलट दहा वॅटवाला दुबळ्या सिग्नलांवरच जगतो, त्याला शांतता जास्त हवी. म्हणून छोट्या स्टेशनला छोटा चोक हे मला पटत नाही. छोट्या स्टेशनला पातळ केबल चालते, एवढंच, आणि तीच त्याची सोय: पाच मिलिमीटरची आरजी-५८ त्या साडेपस्तीसच्या भोकात अठरा-एकोणीस वेळा मावते, दहा मिलिमीटरची आरजी-२१३ सातच वेळा. मात्र आरजी-५८सुद्धा अशा आवळ वळणासाठी केलेली नाही. फोमची केबल असेल तर तापल्यावर मधली तार हळूहळू सरकून जाळीला टेकू शकते. टेफ्लॉनची परवडत असेल तर तीच घ्यावी.

पण घ्यायची कुठून? खात्रीच्या नंबरची अस्सल कडी बाहेरून मागवावी लागते आणि किमतीत वाहतूक-जकात मिळून तोंड कडू होतं. त्यामुळे आपल्याकडे निम्मे चोक जुन्या बाजारातून येतात. पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं, बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत लॅमिंग्टन रोड. मेलेल्या टीव्हीच्या गळ्यातलं योक, संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या कड्या, नाव-गाव नसलेल्या काळ्या रिंगा. मला या भंगाराचा तिटकारा नाही. पण ‘फेराइट आहे ना, चालेल’ या वृत्तीचा आहे. पॉवर सप्लायमधली पिवळी कडी, जिची एक बाजू पांढरी असते, ती फेराइट नसतेच. लोखंडाची भुकटी, मिक्स २६, पार्यता ७५. हिरव्या-निळ्या कडीला भुकटीवाले ५२ म्हणतात आणि निकेल-झिंक फेराइटच्या एका प्रकाराला फेअर-राइटही ५२च म्हणते. आकडा एक, माल वेगळा.

काळी, रंग न लावलेली कडी हाती आली तर मल्टिमीटरची दोन टोकं तिच्या अंगावर दाबून टेकवावीत. ओहमच्या मोठ्या रेंजवर काहीतरी आकडा हलला, तर मँगनीज-झिंक असण्याची शक्यता दाट. काहीच दाखवलं नाही, तर निकेल-झिंक. दुकानदार विचित्र नजरेनं बघतो, बघू दे. कूळ कळलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मोजूनच कळतं.

मोजणं पूर्वी प्रयोगशाळेचं काम होतं. आता नॅनोव्हीएनए नावाचं हातात मावणारं यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यात आलं आहे आणि त्यानं बढाया मारणाऱ्यांची पंचाईत केली आहे. फक्त ते नीट लावायला हवं. चोक एका पोर्टला जोडून परावर्तन मोजलं, तर हजारो ओहमच्या टापूत यंत्र अंधारात चाचपडतं. चोक दोन पोर्टांच्या मधोमध ठेवून आरपार किती उतरतं ते पाहायचं: ५००० ओहम असतील तर सुमारे ३४ डेसिबल. आणि जोडणीच्या तारा आखूड ठेवायच्या, कारण आजूबाजूची अवघी दोन पिकोफॅरड कपॅसिटन्स २८ मेगाहर्ट्झला तीन हजार ओहमच्याही आतला अडथळा होते. त्या चोरवाटेनं सिग्नल निघून जातो आणि आपण म्हणतो, चोक वाईट. पहिल्यांदा मी असंच एका उत्तम चोकला नापास केलं होतं.

एक जागा अशी आहे जिथे हा सगळा वाद एकाच डब्यात समोरासमोर येतो. एका टोकाला जोडायची अर्ध्या तरंगलांबीची तार हल्ली लोकप्रिय आहे, फ्लॅटवाल्यांना सोयीची. तिच्या टोकाशी ४९ला १चा ट्रान्सफॉर्मर लागतो. या ट्रान्सफॉर्मरची कडी काटकसरी हवी, कारण तिच्यातून आपला खरा सिग्नल जातो. चोकची कडी उधळी हवी. दोघी दिसायला सारख्या. एकच प्रकार डझनानं आणून दोन्हीकडे वापरणारे पाहिले आहेत. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे या अँटेनाला परतीची वाट लागते, आणि वेगळी तार दिली नसेल तर ती वाट म्हणजे केबलचं बाहेरचं अंग. चोक थेट ट्रान्सफॉर्मरला चिकटवला तर आपण अँटेनाचाच एक पाय बांधतो. ७ मेगाहर्ट्झला साधारण दोन मीटर केबल मोकळी सोडून मग चोक लावला की ते दोन मीटर अँटेनात जमा होतात आणि पुढची केबल केबल राहते.

लाल कड्या मी एका मित्राला ट्यूनरसाठी देऊन टाकल्या. तिथे त्या सुखात आहेत. गच्चीवर ३१च्या दोन कड्या एकावर एक ठेवून चौदा वेढ्यांचा चोक बसवला. त्याच्यामागे २८ मेगाहर्ट्झसाठी थोड्या वेढ्यांचा दुसरा आहे. पहिला तिथे कपॅसिटर झालेला असतो आणि दुसरा अजून कॉइल असतो. काटकसरी असते तर एकमेकांना खोडून बसले असते. घरातही दोन चार्जरांच्या वायरींना कड्या चढल्या. बायकोनं विचारलं, एवढ्या बांगड्या कुणाला? सकाळच्या सात मेगाहर्ट्झवरचा तो कायमचा खरखराट उतरला आणि कोल्हापूरचा एक दुबळा आवाज, जो मला आजवर कधी पुरा ऐकू आला नव्हता, चहाबद्दल बोलताना स्पष्ट ऐकू आला.

महिनाभरानं गेटवर वॉचमनकाकांनी थांबवलं. म्हणाले, “साहेब, हल्ली तुमचा आवाज येत नाही डब्यातून. तब्येत बरी आहे ना?”